जोर, बैठका आणि न विचारलेले प्रश्न

मराठी मुलुखात वयात येणाऱ्या पोराचे आरोग्य म्हणजे बराच काळ त्याचे दंड आणि मांड्या. तालमीच्या तांबड्या मातीत जोर-बैठका काढायच्या, वर दूध रिचवायचे. औंध संस्थानचे राजे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार शाळांत नेले, मुलींनाही शिकवले. खुराक न परवडणाऱ्यालाही ते जमणारे होते, हे मोठेच काम. पण बदलत्या शरीराविषयी पडणाऱ्या प्रश्नांवर तालमीचे उत्तर एकच: ब्रह्मचर्य. माहिती द्यायला पुढे आले ते गणिताचे प्राध्यापक र. धों. कर्वे. १९२१ मध्ये मुंबईत त्यांनी संततिनियमन केंद्र काढले, १९२७ पासून ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवले. हस्तमैथुनासारख्या विषयावरच्या वाचकांच्या शंकांना ते पाल्हाळ न लावता, भीती न घालता उत्तर देत.

अशा लेखनाने पोरे बिघडतात, हा आक्षेप तेव्हाही होता. मासिक प्रौढांसाठी होते, हेही खरे. पण घरातल्या मौनाने पोरे अजाण राहत नव्हती. धातुपौष्टिक औषधांच्या जाहिराती त्यांना घाबरवून गिऱ्हाईक करतच होत्या. भाबडेपणा जपायचा तर आधी त्या बंद करायला हव्या होत्या. खटला मात्र कर्व्यांवर झाला. १९३४ मध्ये डॉ. आंबेडकर त्यांचे वकील म्हणून उभे राहिले. कर्वे खटला हरले, मासिक मात्र ते १९५३ मध्ये वारले तोवर निघत राहिले.