तलकाडची वाळू आणि मातेचे मन

म्हैसूरच्या आग्नेयेस सुमारे ४५ किलोमीटरांवर, कावेरीच्या डाव्या तीरावर, तलकाड हे प्राचीन क्षेत्र वसले आहे. ही गंग राजांची राजधानी. अकराव्या शतकाच्या आरंभी ती चोळांकडे गेली. पुढे होयसळ विष्णुवर्धनाने ती जिंकून ‘तलकाडुगोंड’ हे बिरुद धारण केले. त्या विजयाचे स्मारक म्हणून बांधलेले कीर्तिनारायणाचे मंदिर आजही तेथे आहे. परंतु यात्रेकरूंच्या स्मरणात तलकाड राहते ते तेथील वाळूमुळे. या वाळूने मंदिरांमागून मंदिरे झाकून टाकली.

लोककथा या वाळूचे मूळ एका स्त्रीच्या शापात शोधते. इ. स. १६१० मध्ये राजा वोडेयराने विजयनगरच्या प्रतिनिधीकडून श्रीरंगपट्टण घेतले. त्या प्रतिनिधीची पत्नी अलमेलम्मा हिच्याजवळील अलंकारांसाठी राजाची माणसे तिच्या पाठीस लागली. तेव्हा तलकाड वाळूत जावे, मालंगीला डोह पडावा आणि म्हैसूरच्या राजांना संतती होऊ नये, असा शाप देऊन तिने कावेरीत उडी घेतली, अशी कथा आहे.

वाळूचा उलगडा पुढे अभ्यासकांनी केला. नदीचे वळण, विजयनगरच्या काळातील बंधारा, त्यामुळे उघडे पडलेले पात्र आणि पावसाळी वारा ही कारणे त्यांनी दाखवून दिली. शापाच्या तिसऱ्या भागाची चर्चा मात्र थांबली नाही. १८६८ साली गादीवर आलेले दहावे चामराजेंद्र दत्तक होते आणि २०१५ साली वारस ठरलेले यदुवीरही दत्तकच. २०१७ साली यदुवीरांना पुत्र झाला तेव्हा शाप उतरल्याचे लोक बोलू लागले. वस्तुतः चामराजेंद्रांना स्वतःला पुत्र होते. परंतु दंतकथा सोयीचे तेवढेच स्मरणात ठेवते.

या साऱ्या कथेत वारस झाला की नाही, एवढाच प्रश्न विचारला गेला. मूल जन्मल्यावर त्याच्या मातेचे काय झाले, हे कोणत्याही बखरीने विचारले नाही. राजवाड्यात जे घडले तेच सामान्य घरांतही घडले. आपल्याकडे बाळंतिणीच्या देहाची काळजी घेण्याची परंपरा मोठी आहे. शेक, काढा, डिंकाचे लाडू, सव्वा महिन्याची विश्रांती, सटवीच्या पूजेची जागरणाची रात्र या गोष्टी घरोघरी आहेत. पण ती बाळाकडे पाठ फिरवून रडू लागली अथवा असंबद्ध बोलू लागली, की ‘बाहेरचे लागले’ असे म्हणून मांत्रिकाकडे धाव घेतली जाई. म्हणजे येथेही शापाचाच आधार.

युरोपात १८५८ साली लुई-व्हिक्टर मार्से या फ्रेंच वैद्याने गर्भिणी, सूतिका आणि स्तनदा यांच्या मनोविकारांवर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. प्रसूतीनंतर देहातील संप्रेरके एकाएकी घटतात, झोप मोडते आणि मन हेलकावे खाऊ लागते. बहुतेकींचे हे हेलकावे थोड्या दिवसांत शमतात. काहींना दीर्घकाळ विषाद जडतो. हजारात एक-दोघींना पहिल्या एक-दोन आठवड्यांतच तीव्र चित्तभ्रंश होतो आणि तेव्हा त्वरित वैद्यकीय उपचार करावे लागतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात पहिलटकरणींच्या मेंदूतील करड्या द्रव्याचे आकारमान काही भागांत घटल्याचे आढळले. हा बदल दोन वर्षांनंतरही टिकून होता. तरी स्मरणशक्ती मात्र उणावली नव्हती. ज्यांच्यात बदल अधिक, त्यांची बाळाविषयीची ओढही अधिक, असे दिसले. मातृत्वासाठी मेंदू जणू आपली मांडणी बदलतो.

तथापि सारा दोष मेंदूच्या माथी मारणे योग्य होणार नाही. गोव्यातील एका रुग्णालयात झालेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी तपासलेल्या २५२ मातांपैकी ५९ जणी विषादग्रस्त आढळल्या. त्यांतील बहुतेकींचे मन गर्भारपणातच खचलेले होते. दारिद्र्य, पतीशी बिघडलेले संबंध, मारहाण आणि उपासमार ही कारणे पुढे आली; जन्मलेले मूल मुलगा की मुलगी, यावरही या कारणांचा परिणाम अवलंबून होता. वारसाची जी अपेक्षा म्हैसूरच्या गादीभोवती होती, तीच येथे गरिबाच्या खाटेशी उभी होती.

ज्या प्रदेशात अलमेलम्माची कथा सांगितली जाते, त्याच जुन्या म्हैसूर राज्यातील बंगळूर येथे, राष्ट्रीय मानसिक आरोग्य आणि चेताविज्ञान संस्थेत, २००९ साली आजारी माता आणि तिचे बाळ यांना एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग सुरू झाला. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानेही उपचार घेणाऱ्या मातेपासून तीन वर्षांखालील मुलाला सामान्यतः वेगळे करू नये, असे ठरविले.

तलकाडची वाळू उपसली की खालून मंदिर निघते. बाळंतिणीच्या मनावर शतकानुशतके साचलेली वाळू उपसण्यास आता कोठे आरंभ झाला आहे. ‘बाळ कसे आहे?’ असे विचारून थांबणाऱ्या घराने ‘तू कशी आहेस?’ हेही विचारले, तर त्या कामाला मोठा हातभार लागेल.