दरड फक्त डोंगराची नसते

दरड म्हटलं की आपण वर बघतो. ऑगस्ट २०२० मध्ये मलबार हिलला बी. जी. खेर मार्गाजवळ दरड आली, तेव्हाही सगळ्यांनी वरच बघितलं. आज जरा पायाखाली बघू.

गेल्या पावसाळ्यात लालबागकडून भायखळ्याकडे उतरताना एका चाळीत गेलो होतो. शेजारी टॉवरच्या बेसमेंटचा खड्डा. वर काढलेली माती काळपट, ओली, चिकट. चाळीतले एक आजोबा म्हणाले, "ही खाडीची माती. वासच सांगतो." आणि मग जिन्याजवळची नवी भेग दाखवली.

आजोबा चुकीचे नव्हते. मुंबई सात बेटांची. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधल्या खिंडारातून भरतीचं पाणी आत शिरायचं. पायधुणी, उमरखाडी ही नावं उगाच पडलेली नाहीत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या काळात तिथे बांध घातला गेला. तो सारखा खचायचा आणि देवीची मूर्ती समुद्रातून बाहेर काढल्यावरच टिकला, अशी महालक्ष्मीची आख्यायिका आहे. पुढे आतली दलदल भरत गेली. त्या भरावावर चाळी आल्या, गिरण्या आल्या. खालचा गाळ मात्र तिथेच राहिला.

समुद्री चिकणमाती काय करू शकते, ते नॉर्वेत दिसलं. २९ एप्रिल १९७८, रिसा गाव. एका शेतकऱ्याने गोठ्यासाठी खणलेली सुमारे ७०० घनमीटर माती तळ्याकाठी टाकली. तेवढ्या ओझ्याने काठ सुटला आणि बघता बघता ८० एकरांहून जास्त जमीन घरांसकट तळ्यात गेली. एकाचा जीव गेला. तिथली माती हिमनद्यांनी दळलेल्या खडकाची, समुद्रात साचलेली. जमीन वर आली, हजारो वर्षांत गोड्या पाण्याने तिच्यातलं मीठ धुऊन नेलं, मागे उरला पत्त्यांचा बंगला. धक्का बसला की सरळ पातळ होते.

उगाच घाबरू नका. आपली माती तशी नाही, इथे हिमनद्या नव्हत्या. पण तीही मऊ आहे, पाण्याने भरलेली आहे. बाजूचा आधार काढला की खड्ड्याकडे सरकते, पाणी उपसलं की आजूबाजूची जमीन बसते. नॉर्वेत उतार निसर्गाचा होता. आपल्याकडे उतार आपणच खणतो, तोही शंभर वर्षांच्या भिंतीला लागून.

रिसानंतर नॉर्वेने धोक्याच्या जमिनीचे नकाशे केले, ते कुणालाही बघता येतात. तरी ३० डिसेंबर २०२० ला येर्ड्रम इथे १० माणसं गेली. नकाशा असून ही गत. आपल्या चाळकऱ्याला तर शेजारच्या बोअरचा अहवालही कुणी दाखवत नाही. खड्डा खणण्याआधी तो शेजाऱ्यांना मिळाला पाहिजे, एवढीच मागणी आहे.

तोवर एक करा. भिंतीला भेग दिसली तर दोन्ही टोकांना पेन्सिलने खूण करा, बाजूला तारीख लिहा, फोटो काढा. भेग खुणेच्या पुढे गेली तर गप्प बसू नका. वॉर्ड ऑफिसला लेखी द्या आणि पोचपावती घ्या.

तुमच्या चाळीत काय परिस्थिती आहे? कळवा. मी येतो.