विरळ हवेचा धडा

हिमालयाची वाट भारतीयांना नवी नाही. मोटारींचे रस्ते होण्यापूर्वी केदारनाथचा यात्रेकरू ऋषिकेशहून पायी निघे आणि चट्टीमागून चट्टी गाठीत पुढे जाई. सुमारे ३,५८० मीटर उंचीवरील त्या क्षेत्री पोहोचेपर्यंत त्याचे कित्येक दिवस जात. या संथ चालीला तो तपश्चर्या मानी. परंतु तिच्यामुळेच त्याच्या शरीरास विरळ हवेची सवय नकळत होत असे. रस्ते झाले, दिवस वाचले, आणि ही नकळत होणारी तयारीही गेली.

तिचे मोल कळले ते युद्धामुळे. १९६२ च्या सीमासंघर्षाच्या काळात सपाट प्रदेशातील जवानांना विमानांनी थेट उंच ठाण्यांवर न्यावे लागले. धडधाकट तरुण डोकेदुखी, वांती आणि धाप यांनी आजारी पडले. काहींच्या फुप्फुसांत पाणी साचले. लष्करी वैद्यक इंदर सिंग व त्यांचे सहकारी यांनी अशा १,९२५ सैनिकांचा अभ्यास करून १९६९ साली आपला निबंध प्रसिद्ध केला. आज जगभर तो या विषयातील पायाभूत लेखनात गणला जातो.

कारण साधे आहे. ३,६०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोनतृतीयांश उरतो, ५,५०० मीटरवर निम्मा. श्वासाचा वेग आणि रक्ताची घडण यांस त्याच्याशी जुळवून घेण्यास दिवस लागतात. बळकट दंडांनी हे दिवस कमी होत नाहीत. म्हणूनच भारतीय लष्कराने २,७०० मीटरपासून पुढे सहा, चार आणि चार दिवसांचे तीन टप्पे ठरविले. हौशी प्रवाशासाठीही नियम आहे: ३,००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावे.

नवख्याने वाट निवडावी ती याच कसोटीवर. दार्जिलिंगजवळच्या सिंगालीला धारेवरील ३,६३६ मीटर उंचीचे संदकफू या कसोटीस उतरते. एव्हरेस्टविजयानंतर १९५४ साली ज्या दार्जिलिंगात हिमालयीन गिर्यारोहण संस्था स्थापन झाली आणि तेनसिंग शिकवू लागले, तेथे सुमारे २,००० मीटरवर दोन रात्री काढाव्यात. पुढे तुमलिंग आणि कालीपोखरी येथे मुक्काम करीत संदकफू गाठावे. वाटेत निवारा मिळतो आणि जीपचा रस्ता असल्याने आजाऱ्यास लवकर खाली नेता येते. माथ्यावरून कांचनगंगा समोर दिसते. आकाश स्वच्छ असल्यास एव्हरेस्टही. त्यासाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर उत्तम.

तयारी काही आठवडे आधी सुरू करावी. पाठीवर ओझे घेऊन चढउतार करावा, बूट पायांत मुरवून घ्यावेत, उबदार कपडे एकावर एक घालता येतील असे न्यावेत. सह्याद्रीतील चढाईने पाय आणि दम तयार होतात. पण कळसूबाईदेखील १,६४६ मीटरच आहे. विरळ हवेची सवय तेथे होत नाही, ती हिमालयातच मुक्कामांनी कमवावी लागते.

डोके दुखू लागले व मळमळ झाली, तर तेथेच थांबावे. स्वस्थ बसूनही धाप लागली, किंवा चालताना तोल जाऊ लागला, तर रात्र असली तरी खाली उतरावे. शिखर पुढच्या वर्षीही तेथेच असते. परतणाऱ्याने ते गमावलेले नसते.