जालन्याची कुंडलिका : नदीचें पुनरुज्जीवन आणि जुने कागद

नद्यांचें पुनरुज्जीवन करावें, त्यांचे कांठ सुशोभित करावे, तेथें नागरिकांनीं फिरावें व परगांवच्या प्रवाशांनीं यावें, अशी इच्छा हल्लीं महाराष्ट्रांतील बहुतेक नदीकांठच्या शहरांस झालेली आहे, व जालनाहि तींतून सुटलेलें नाहीं. इच्छा स्तुत्य आहे. परंतु ‘पुनः’ या शब्दांत एक ऐतिहासिक विधान दडलेलें असतें, तें योजकांच्या ध्यानांत येत नाहीं. पूर्वीं जें होतें तें परत आणावयाचें, तर पूर्वीं काय होतें हें आधीं ठरविलें पाहिजे. आणि तें ठरविण्याचा अधिकार स्थापत्यशास्त्रज्ञाइतकाच दप्तरें चाळणाराचाहि आहे.

कुंडलिका ही लहान नदी. जालन्यावरून वाहत जाऊन ती दुधनेस मिळते. दुधना पूर्णेस व पूर्णा गोदावरीस. जालन्याहून मंठ्याकडे जातांना वाटेंत वाटूर लागतें, तो सारा मुलूख या दुधना-पूर्णांच्या दरम्यानचा. जमिनीखालीं काळा पाषाण, पाऊस बेताचा व तोहि लहरी. असल्या प्रदेशांतील लहान नद्या पावसाळ्यांत दुथडी भरून वाहतात, आणि होळी उलटल्यावर त्यांत डोहांपुरतें पाणी उरतें. बारमाही वाहणारी कुंडलिका कल्पिणारांनीं ही गोष्ट प्रथम मनांत धरावी.

शहर नदीच्या उजव्या कांठीं, व समोरच्या तीरावर कादराबाद ही तटबंदीची पेठ. जालना हें सीतेचें वसतिस्थान असून त्याचें नांव जनकपूर होतें अशी एक दंतकथा आहे. एका धनिक जुलाह्यावरून म्हणजे विणकरावरून जालना हें नांव पडलें अशी दुसरी. पहिलीस पुरावा नाहीं. दुसरी व्युत्पत्ति म्हणूनच लंगडी आहे. मात्र गांवचा धंदा कोणता होता याची आठवण तींत राहिलेली आहे. अबुल फजल कांहीं काळ येथें राहिला होता असें गॅझेटियरकार लिहितात. १६७९ च्या नोव्हेंबरांत शिवछत्रपतींनीं ही पेठ लुटली, तेव्हां सावकारांनीं आपली संपत्ति जान महंमद या अवलियाच्या मठांत नेऊन ठेवली होती, असें खाफीखान सांगतो. अवलियाच्या शापाची जी कथा त्यानें पुढें जोडली आहे ती सोडून द्यावी. पेठ सधन होती एवढें तींतून निःसंशय निघतें.

आतां अशा सधन, विणकरांनीं व रंगाऱ्यांनीं गजबजलेल्या गांवास पाणी कोठून मिळत होतें? येथेंच मुख्य मुद्दा आहे. निजामशाहींतील अधिकारी जमशेदखान याचें नांव काळी मशीद, हमाम व सराई या इमारतींमुळें लोकांस माहीत आहे. त्याचें खरें मोठें काम जमिनीखालीं होतें. शहराच्या पश्चिमेस त्यानें मोती तलाव बांधला, तेथून भुयारी नळ गांवांत आणले, आणि ठिकठिकाणीं हौद बांधून त्यांत तें पाणी सोडलें. त्यांपैकीं प्रमुख हौद सराईच्या चौकांत होता. उतारू, उंट, घोडे व व्यापारी यांची गर्दी जेथें, तेथें पाणी आधीं पोंचलें पाहिजे, हा त्यांतील हिशेब उघड आहे. भरभराटीच्या काळांत गांवाला पांच तळीं होतीं असेंहि नमूद आहे. पुढें निजामुल्मुल्काच्या आज्ञेवरून १७२५ सालीं, म्हणजे साखरखेर्ड्याच्या लढाईनंतरच्याच वर्षीं, गांवाच्या पूर्वेस गढी बांधली गेली. तींतहि खोल्या-दालनांची प्रशस्त विहीर आहे. गढी बांधणारानेंहि नदीवर भिस्त ठेविली नाहीं.

तात्पर्य, जुनें जालना नदीच्या कांठीं होतें, पण जगत होतें तळ्यांवर. वरच्या अंगास पावसाचें पाणी अडवावयाचें, तें उतारानें गांवांत आणावयाचें, हौदांतून वांटावयाचें, आणि विहिरींतून उपसावयाचें. नदी या व्यवस्थेची शेवटची पायरी होय. हाच क्रम निजामी राजवटींत घाणेवाडीचा तलाव बांधणारांनीं पाळला. तेथूनहि शहरास पाणी उतारानेंच येतें. २०१२-१३ च्या दुष्काळांत जालन्याच्या मोसंबीच्या बागा वाळल्या व गांवें टँकरवर आलीं, त्या सुमारास नागरिकांनीं घाणेवाडीचा गाळ उपसण्याचें काम अंगावर घेतलें व शेतकऱ्यांनीं तो गाळ शेतांत नेला. कुंडलिकेच्या पुनरुज्जीवनाचा खरा आरंभ मी या कामांत पाहतों. कांठावर दिवे लावण्याआधीं तळ्यांतला गाळ निघावा लागतो.

शेजारचें उदाहरण याच मतास पुष्टि देतें. १६१० सालीं मलिकंबरानें खडकी हें शहर खाम नदीच्या कांठीं वसविलें. त्यासहि पाणी आणलें तें डोंगराकडील झऱ्यांतून, भुयारी नहरीनें; पुढच्या पाणचक्कीस वेगळ्या नहरीचें पाणी आलें, पण रीत तीच. खाम ही शहराच्या बाजूचा नैसर्गिक खंदक होती. मकाई व महमूद दरवाज्यांपुढील पूल याची साक्ष आजहि देतात. आतां छत्रपति संभाजीनगर झालेल्या त्या शहरांत २०२१ च्या सुमारास खाम नदीचें काम हातीं घेतलें गेलें. प्रथम कचरा काढणें व नदींत येणारें सांडपाणी अडविणें, आणि मग बागा व पायवाटा, हा त्या कामाचा क्रम योग्य होता. जालनेकरांनीं तो अवश्य पाहून यावा.

प्रवाशांस दाखवावयाचें काय, असा प्रश्न कोणी करील. त्यास उत्तर फार लांब शोधावयास नको. २ सप्टेंबर १८०३ रोजीं स्टीव्हन्सननें जालना घेतलें, आणि त्याच महिन्याच्या २३ तारखेस याच जिल्ह्यांत असईची लढाई झाली. केळणा नदीस उतार नाहीं असें वाटाड्ये सांगत असतां, दोन्ही तीरांवर समोरासमोर दोन गांवें आहेत त्या अर्थीं मधें उतार असलाच पाहिजे, असा तर्क वेलस्लीनें केला, व सैन्य पिंपळगांवाजवळ पार नेलें. केळणा व जुई यांच्या बेचक्यांत शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला आणि ३० डिसेंबरच्या सुर्जी-अंजनगांवच्या तहानें जालनापूर शिंद्यांच्या हातून गेलें. एका लहानशा नदीचा उतार इतिहासांत केवढा जड झाला! परंतु त्या उताराची खूण म्हणून एक दगडहि रोवावयाचें कोणास सुचलें तर पुष्कळ. जालन्यांतील छावणी १८२७ पासून १९०३ पर्यंत होती. ती, सराई, मोती तलाव व मोती बाग, आनंदीस्वामींचा मठ, ही ठिकाणें एका दिवसांत पायीं पाहतां येतील. मोती बागेंत आजहि लोक संध्याकाळीं फिरावयास येतातच. त्यांतील कितीजणांस हें ठाऊक आहे कीं हें पाणी एके काळीं त्यांच्या पायांखालून गांवांत जात होतें?

कागदांकडे वळण्याचें कारण येथें येतें. नदीचे कांठ भिंतींनीं बांधून काढावयाचे म्हणजे नदीची रुंदी कायमची ठरवावयाची. आज दिसणारें पात्र हें भराव, झोपड्या, गोदामें व सांडपाण्याचे नाले यांनीं आकसलेलें पात्र आहे. तेंच खरें धरून भिंत घातली, तर मोठ्या पावसाळ्यांत नदी आपली जुनी हद्द स्वतःच मोजून घेईल, आणि ती मोजणी कांठच्या गरिबांच्या घरांतून होईल. जुनी हद्द आपणांजवळ लिहिलेली आहे. खरेदीखतें, इनामपत्रें, बागाइताचे कौल, वांटणीपत्रें यांत चतुःसीमा दिलेली असते. अमुक दिशेस नदी, अमुक दिशेस पाट, अमुक दिशेस हौदाचा नळ, असे दोन-दोन शब्द. वाचणारे हे शब्द ठराविक म्हणून ओलांडून पुढें इसमांच्या नांवांकडे व शिक्क्यांकडे जातात. १९५४ च्या हैदराबाद इनाम रद्द करण्याच्या कायद्यानंतर पुष्कळ घरांत हीं इनामपत्रें निरुपयोगी समजून माळ्यावर गेलीं. कांहीं रद्दींतहि गेलीं. एका बागेची चतुःसीमा किरकोळ वाटते. लगतच्या दहा बागांच्या जोडून मांडल्या म्हणजे तीराची रेषा उमटते.

म्हणून जालना, कादराबाद व दुधनाकांठच्या गांवांचीं दप्तरें ज्यांच्या संग्रहीं आहेत, त्यांनीं त्यांतील चतुःसीमेच्या ओळी उतरून काढाव्या. मूळ कागद कोणास देण्याची जरुरी नाहीं. गांव, सर्व्हे नंबर मिळत असल्यास तो, आणि कागदाची मिति एवढें नीट लिहावें. मिति फसली असेल तर दक्षिणेंतील फसली सालांत ५९० मिळविले म्हणजे इसवी साल येतें. हिजरी साल वेगळें, त्याची गल्लत करूं नये. बिघ्याचें मान परगण्यापरत्वें बदलतें, तेव्हां कागदांत काठीची लांबी दिलेली असल्यास तीहि सोडूं नये.