आपला कल, त्यांचे प्रश्न

मंडळी, आपण डावे की उजवे हे सांगणाऱ्या चाचण्या तुम्हीही सोडवल्या असतीलच. पण त्या कितपत खऱ्या?

१९५० साली अमेरिकेत अडोर्नो आणि सहकाऱ्यांनी हुकूमशाहीकडचा ओढा मोजणारी ‘एफ-स्केल’ प्रसिद्ध केली. तिच्यात प्रत्येक विधानाला ‘हो’ म्हटलं की गुण वाढायचे. म्हणजे नुसता होयबाही हुकूमशाहीवादी ठरायचा!

पुढे डेव्हिड नोलन यांनी आर्थिक आणि वैयक्तिक स्वातंत्र्य असे दोन अक्ष मांडले. त्यावर बेतलेल्या दहा प्रश्नांच्या चाचणीत स्वातंत्र्यवादी सर्वांत वर येतो. आणि नोलन कोण? १९७१ साली स्थापन झालेल्या लिबर्टेरियन पक्षाचे एक संस्थापक!

मला वाटतं, अशा चाचणीत आपल्याआधी प्रश्न लिहिणाऱ्याचाच कल कळतो. तेव्हा निकालावरून घरात भांडण्यापूर्वी प्रश्न पुन्हा एकदा वाचा.