१२-० चा स्कोअर, पण नियम कोणते होते?

'भारतानं ब्रिटनला १२-० नं धुतलं' हा मेसेज आमच्या मुरुमच्या ग्रुपवर अधूनमधून नव्यानं फिरतो. खाली तिरंगे, टाळ्या. घटना जुलै २०१५ ची. इंग्लंडच्या कॉनिंग्जबी तळावर 'इंद्रधनुष' सराव झाला. आपली सुखोई-३०, त्यांची टायफून. जवळच्या झुंजीतला हा आकडा आपल्या अधिकाऱ्यानं एनडीटीव्हीला सांगितला, ब्रिटिशांनी तो उडवून लावला. मोठ्या लढतींत आपलीही एखाद-दोन विमानं 'पडली', हेही त्याच अधिकाऱ्यानं सांगितलं होतं. ते वाक्य मेसेजमध्ये कधीच येत नाही.

मुळात सरावात क्षेपणास्त्र सुटतच नाही. पायलट बटण दाबतो आणि रेडिओवर 'मारलं' म्हणून सांगतो. पूर्वी त्याच्या आठवणीवर आणि गन कॅमेऱ्याच्या फिल्मवर भागायचं. आता विमानाला लावलेला पॉड वेग, उंची, जागा नोंदवतो. खाली उतरल्यावर अख्खी झुंज पडद्यावर पुन्हा बघतात. शॉट पल्ल्यात होता का, समोरच्यानं वेळेत वळण घेतलं का, यावर खल होतो. शिकणं तिथंच होतं. व्हिएतनाममध्ये मार खाल्ल्यावर अमेरिकी नौदलानं १९६९ मध्ये 'टॉप गन' शाळा काढली. आपणही १९७१ मध्ये आदमपूरला असंच पथक उभं केलं, ते आज ग्वाल्हेरला 'टॅकडे' नावानं आहे.

पण नियम आधी ठरतात. गल्लीत 'एक टप्पा आऊट' ठरलं की भलेभले बॅट्समन शून्यावर जातात, तसंच हे.

फेब्रुवारी २००४, ग्वाल्हेर, 'कोप इंडिया'. अलास्काहून सहा एफ-१५ आली. समोर सुखोई, मिराज आणि ओझरच्या एचएएलमध्ये अद्ययावत केलेली मिग-२१ बायसन. आपल्या पोरांनी अमेरिकनांना घाम फोडला, यात शंका नाही. ज्या मिगला आपणच 'उडती शवपेटी' म्हणायचो, तिनं! अमेरिकी काँग्रेसचे सदस्य ड्यूक कनिंगहॅम यांनी तर एफ-१५ नव्वद टक्क्यांहून जास्त वेळा हरली असं सांगून टाकलं. आपल्याकडं तो आकडा डोक्यावर घेतला गेला. अटी मागं राहिल्या: अमेरिकेची चार विमानं, समोर कधी दहा-बारा, आणि त्यांच्या लांब पल्ल्याच्या ॲमरॅम क्षेपणास्त्रावर बंधन. शिवाय तेव्हा तिकडं महागड्या एफ-२२ विमानांच्या पैशावरून वाद चालू होता. 'आमची जुनी विमानं हरतायत' हे सांगण्यात तिथल्या बऱ्याच जणांचा फायदा होता. (कनिंगहॅम स्वतः व्हिएतनाममध्ये पाच मिग पाडलेले वैमानिक. २००५ मध्ये त्यांनी संरक्षण कंत्राटदारांकडून लाच घेतल्याची कबुली दिली, ती वेगळी गोष्ट.)

२००८ मध्ये पारडं फिरलं. आपली सुखोई 'रेड फ्लॅग'साठी अमेरिकेत गेली. नंतर एका अमेरिकी कर्नलच्या भाषणाचा व्हिडिओ यूट्यूबवर आला. एकास एक झुंजीत सुखोई कशी हरते, ते तो रंगवून सांगत होता. मग आपल्याकडून खुलासे आले: रडार प्रशिक्षण मोडवर होतं, डेटालिंक वापरली नव्हती. खरंच होतं ते. २००४ मध्ये अमेरिकन ॲमरॅमबद्दल सांगत होते, तेही खरंच होतं.