उसाचा हंगाम आणि शाळेचे वर्ष

हरेगावचे नाव काढले की आपल्या धर्मग्रामांतील आबालवृद्धांना मतमाउलीची यात्रा आठवते. १९४९ पासून दर सप्टेंबरात, मारियामातेच्या जन्मोत्सवाच्या सुमारास, दूरदूरचे भाविक तेथे जमतात. या गावाला आणखी एक ओळख आहे. सहकारी साखर कारखानदारीचा जन्म होण्यापूर्वी बेलापूर कंपनीचा साखर कारखाना याच हरेगावी उभा होता. यात्रेला जाताना वाटेत दुतर्फा उसाचे मळे दिसतात. हा ऊस तोडणारे हात येतात कोठून आणि त्या हातांना धरून आलेल्या लेकरांच्या शाळेचे काय होते, हा प्रश्न मात्र आपल्याला क्वचितच पडतो. त्याचा इतिहास पाहावयाचा तर बीड जिल्ह्याकडे वळावे लागते.

सह्याद्रीच्या पर्जन्यछायेत, बालाघाटच्या डोंगररांगांवर वसलेला हा जिल्हा. शिरूर कासार, पाटोदा, आष्टी, धारूर, वडवणी, केज या तालुक्यांतील जमीन हलकी आणि पाऊस बेभरवशाचा. १९४८ पर्यंत हा प्रदेश निजामाच्या राज्यात होता व तेथे मातृभाषेतील शिक्षणाची आबाळच होती. अंबाजोगाईस स्वामी रामानंद तीर्थांसारख्यांनी राष्ट्रीय वृत्तीची शाळा जोपासली हे खरे. पण ज्ञानाचा तो झरा डोंगरावरच्या वाड्या-तांड्यांपर्यंत पोहोचण्यास फार काळ लागला.

इकडे १९५०-५१ मध्ये प्रवरेकाठी विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम पार पडला. पुढील दोन-तीन दशकांत पश्चिम महाराष्ट्रात कारखान्यांची रांग लागली. पाणी एकीकडे आणि रिकामे हात दुसरीकडे, अशी ही विभागणी होती. १९७२ च्या दुष्काळाने ती अधिक तीव्र केली. दसरा-दिवाळीच्या सुमारास बीडमधून बैलगाड्या, ट्रक, ट्रॅक्टर भरभरून माणसे निघू लागली. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक 'कोयता'. मुकादमाकडून आगाऊ 'उचल' घ्यावयाची आणि ती फिटेपर्यंत राबावयाचे. पुरुषाने ऊस तोडावा, बाईने मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहाव्यात, असा हा क्रम मार्च-एप्रिलपर्यंत चालतो.

शाळेचे वर्ष जूनमध्ये सुरू होते. उसाचा हंगाम दिवाळीपाशी. म्हणजे मूल पहिले सत्र कसेबसे बसते, अक्षरे हाताला वळू लागतात, आणि नेमक्या त्याच वेळी पाटी पेटीत जाते. फडावर त्याला काम असते. थोरली बहीण कोपीत धाकट्याला सांभाळते, मुलगा बैलांकडे पाहतो, वाढे गोळा करतो. पावसाळ्यात ते गावी परततात तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. असे दोन-तीन हंगाम गेले की मूल शाळा सोडते असे म्हणण्यापेक्षा शाळाच त्याच्या हातून निसटते, असे म्हणावे लागेल.

या दुखण्यावर पहिला उपाय निघाला तो साखरशाळेचा. मूल शाळेपाशी राहत नसेल तर शाळेने मुलापाशी जावे, हा त्यामागील विचार. शहाद्याच्या 'जनार्थ' या संस्थेने कारखान्यांच्या आवारात आणि फडांजवळ अशा शाळा चालविल्या. झोपड्यांच्या तळावर फळा उभा राहिला, ही लहान गोष्ट नव्हती. परंतु तळ हलतो, टोळी एका फडावरून दुसऱ्या फडावर जाते आणि शिक्षकाला पुन्हा नव्याने मुले शोधावी लागतात. पुढे २००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. प्रत्येक मुलाला त्याच्या वयानुरूप वर्गात, नियमित शाळेत प्रवेश मिळावा, असे त्याने सांगितले. तत्त्व थोर होते; पण त्याच्या ओघात वेगळ्या साखरशाळा मागे पडल्या आणि कारखान्याजवळच्या गावातील शाळेत चार-पाच महिन्यांचे पाहुणे म्हणून ही मुले जाऊ लागली. कित्येक तर तेथपर्यंत पोहोचलीच नाहीत.

दुसरा उपाय याच्या उलट दिशेचा. आईबाप जाऊ देत, मूल गावीच राहू दे. यातून हंगामी वसतिगृहे आली. गावच्या जिल्हा परिषद शाळेच्या आधाराने सहा महिने मुलांच्या जेवणाची सोय करावयाची. अनेक ठिकाणी मूल रात्री आजी-आजोबांकडे निजते. हिशेबाच्या वहीत ही योजना ताटांच्या संख्येने मोजली जाते. पण शिळी भाकरी पुढ्यात आल्यावर रुसणाऱ्या सात वर्षांच्या पोराची समजूत कोणी काढावयाची, तापाने फणफणलेल्या मुलीच्या उशाशी कोणी बसावयाचे, हे कोणत्याही परिपत्रकात लिहिता येत नाही. जेथे असे माणूस मिळाले तेथे मूल टिकले. जेथे मिळाले नाही तेथे ते पुढच्या गाडीने आईकडे गेले. २०२० च्या महामारीत शाळा बंद पडल्या तेव्हा मुलांना मागे ठेवण्याचा आधारच गेला.

हे ओळखूनच काही माणसांनी घरे उभी केली. शिरूर कासार तालुक्यातील आर्वी येथे दीपक आणि कावेरी नागरगोजे या दाम्पत्याने २००० च्या सुमारास 'शांतिवन' सुरू केले आणि ऊसतोड कामगारांच्या लेकरांना तेथे आसरा दिला. गेवराईस संतोष गर्जे यांनी निराधार मुलांसाठी 'बालग्राम' उभारले. २०२१ मध्ये राज्य शासनाने या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावे ८२ वसतिगृहांची योजना मंजूर केली.

वाचकहो, ही वाट आपल्याला अनोळखी नाही. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी इटलीतील तुरीन शहरात आसपासच्या डोंगरदऱ्यांतून गरिबांची मुले गवंडीकामासाठी येत. ८ डिसेंबर १८४१ रोजी डॉन बॉस्को यांना भेटलेला बार्थोलोम्यू गारेल्ली असाच एक अनाथ गवंडी होता; सोळा वर्षांचा, लिहिता-वाचता न येणारा. त्यातून त्यांचे कार्य सुरू झाले. पण ते घर झाले १८४७ मध्ये. पावसात भिजलेला, काम शोधीत आलेला एक पोरका मुलगा दाराशी उभा राहिला आणि डॉन बॉस्कोंच्या आईने, मार्गरीटाने, त्याला स्वयंपाकघरात अंथरूण घालून दिले. पुढे डॉन बॉस्कोंनी आपल्या मुलांच्या मालकांशी लेखी करार केले, त्यांच्या सुट्टीच्या व शिकण्याच्या अटी घातल्या. माया आणि करार, दोन्ही त्यांना आवश्यक वाटले.

आपल्याकडेही एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मराठवाड्यात घोगरगावी आलेल्या मिशनऱ्यांनी, तसेच नगर जिल्ह्यातील येशूसंघीय धर्मगुरूंनी, शाळेला जोडून बोर्डिंगे काढली. ज्यांच्या घरात अक्षर नव्हते अशा अनेक कुटुंबांची पहिली शिकलेली पिढी त्या बोर्डिंगांतून बाहेर पडली. आज आपल्यापैकी कित्येकांच्या घरात शिक्षक, परिचारिका, कारकून आहेत ते कोणा आजोबांनी पत्र्याच्या पेटीसह बोर्डिंगात काढलेल्या त्या वर्षांमुळे. बीड जिल्हा आपल्या औरंगाबाद धर्मप्रांताच्याच परिसरात येतो. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या या धर्मप्रांताला ऊसतोडीचे हे दुःख परके असू शकत नाही.

मुलींच्या बाबतीत तर विलंब परवडणाराच नाही. वयात आलेली मुलगी मागे कोणाच्या भरवशावर ठेवावी, या चिंतेने आईबाप तिचे लग्न उरकतात. लग्न झाले की नवा 'कोयता' तयार होतो आणि नवी उचल मिळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) बीड जिल्ह्यातील २० ते २४ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकी शेकडा ४० हून अधिक जणींचे लग्न अठरा वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले आढळले. अशा घरी मुलींचे सुरक्षित वसतिगृह म्हणजे केवळ शिक्षणाची सोय नव्हे. ते एका बालविवाहाला दिलेले उत्तर आहे.

तिसरा उपाय मुळाशी जाणारा आहे. स्वित्झर्लंडहून १९४८ मध्ये भारतात आलेले येशूसंघीय फादर हर्मन बाखर यांनी नगर जिल्ह्यात पाणलोट विकासाचे काम उभे केले. डोंगरउतारावर चर खोदून पाणी गावातच मुरविले, तर माणसाला गाव सोडावे लागत नाही. मूल शाळेत टिकविण्याचा प्रश्न विहिरीच्या पाण्याशी आणि आईबापांच्या मजुरीशी बांधलेला आहे, हे त्यातून उमगते. वसतिगृह हा आजचा आधार. पण आईबापांपासून सहा महिने दुरावण्याची वेळच लेकरावर न यावी, हे अंतिम ध्येय असावयास हवे.

जुन्या करारात हन्नेने आपल्या चिमुकल्या शमुवेलाला मंदिरात एलीच्या हाती सोपविले आणि दर वर्षी ती त्याच्यासाठी लहानसा झगा शिवून नेत असे. दर दिवाळीला बीडच्या कित्येक माता हन्नेसारखेच आपले लेकरू मागे ठेवून गाडीत चढतात. त्यांना गरज आहे ती एलीच्या जागी उभे राहणाऱ्या माणसांची. आपल्या धर्मग्रामांत निवृत्त शिक्षक आहेत, परिचारिका आहेत, रिकामी पडलेली बोर्डिंगांची दालने आहेत. आपल्याच परिसरातील फडांवर या हंगामात किती मुले उतरली, याची मोजणी करून त्यांना जवळच्या शाळेत नेऊन बसविणे, एवढे तरी प्रत्येक धर्मग्रामाला जमण्यासारखे आहे. यंदा हरेगावच्या यात्रेहून परतताना दुतर्फाच्या उसाकडे पाहून आपण त्या मोजणीचा निश्चय करावा. तोडणी सुरू व्हावयास तेव्हा जेमतेम दोन महिने उरलेले असतात.